मागच्या डब्याचा ब्रेक



"या वर्षी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी दे" असा निरोप आला, तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की मी पानिपत नाहीतर पेशवाईवर लिहिणार. बायकोने तर "आता पुन्हा कपाटातली सगळी पुस्तकं डायनिंग टेबलवर" असं म्हणून सुस्कारा सोडला. पण पानिपतावर आपल्या मंडळात माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले किमान चार काका आहेत, आणि ते चौघेही पहिल्या रांगेत बसतात. तेव्हा मी माझ्या गॅरेजमधल्या विषयावर लिहायचं ठरवलं. विषय आहे ब्रेक. तोही गाडीचा नाही, गाडीच्या मागे जोडलेल्या वस्तूचा. हसू नका. या विषयाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात आपला बोरघाटही येतो.

काही जणांना ठाऊक आहे की डर्बीशायरमधल्या आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून एक जुनी एकोणीस फुटी शिडाची बोट घेतली आहे. मुलांनी तिचं नाव 'पोहे' ठेवलं (कारण पहिल्या दिवशी तिच्यात बसून तेच खाल्ले). ट्रेलरसकट तिचं वजन अकराशे किलोच्या आसपास भरतं. आंग्र्यांच्या आरमाराला एक सुख होतं, त्यांना गलबतं टो-बारवर चढवून मोटरवेने न्यावी लागत नव्हती. आम्हाला कॉन्वीच्या किनाऱ्यापर्यंत जायचं तर 'पोहे' गाडीमागे बांधूनच न्यावी लागते.

ब्रिटनमध्ये नियम असा की ट्रेलरचं कमाल वजन ७५० किलोच्या वर असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. म्हणजे गाडीच्या ब्रेकवर विसंबून चालत नाही. हे मला बोट घेण्याआधीही वाचून माहीत होतं. पण का, ते कळायला २०१६ चा मे महिना उजाडावा लागला.

त्या वर्षी बाबा उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आले होते. बाबा मध्य रेल्वेत ट्रेन एक्झामिनर होते. रेल्वेतली माणसं त्याला टी.एक्स.आर. म्हणतात. नोकरीचा बराच काळ कर्जत आणि लोणावळ्यात गेला. लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोकत, ब्रेक ब्लॉक बघत, होज पाईप तपासत गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, असं ते काम. लहानपणी मला वाटायचं की बाबा गाडीशी बोलतात.

आमच्या घराचा ड्राइव्ह रस्त्यापासून गॅरेजकडे चांगलाच चढत जातो. मी बोट आणली, ट्रेलरचं तोंड वर गॅरेजकडे आणि शेपूट खाली रस्त्याकडे अशी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि हुक सोडवायला घेतला. बाबा दारात उभे होते. मागे माझी सहा वर्षांची मुलगी खडूने जमिनीवर चित्रं काढत बसली होती.

"उटी लावलीस का?" बाबांनी विचारलं.

उटी हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे जो दगड किंवा ठोकळा सरकवतो, ती उटी.

"बाबा, हँडब्रेक ओढलाय. इकडचे ट्रेलर वेगळे असतात," मी म्हणालो. परदेशात शिकलेल्या मुलाचा आवाज कसा येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी नातीला हाक मारली, "चल गं, आत लाडू खायला." ती स्कूटर तिथेच टाकून पळाली. मी हुक मोकळा केला, पुढचं छोटं चाक खाली सोडलं आणि ट्रेलर हलला. आधी हातभर मागे गेला. मला वाटलं, थांबेल. थांबला नाही. मी दांड्याला लोंबकळलो, पण अकराशे किलोपुढे माझे पंचाहत्तर किलो काय करणार? स्कूटरवरून चाक गेलं, ट्रेलर रस्ता ओलांडून समोरच्या शेजाऱ्यांच्या विटांच्या कुंपणावर आदळला आणि तिथे थांबला. 'पोहे'ला ओरखडासुद्धा आला नाही. कुंपण मात्र आम्ही बांधून दिलं. स्कूटरचं चपटं हँडल अजून गॅरेजमध्ये आहे, मी ते टाकलेलं नाही.

बाबांनी त्या दिवशीही मला काही सुनावलं नाही. संध्याकाळी फक्त विचारलं, "त्या ब्रेकचं काम कसं चालतं, समजावून सांग." आणि मला नीट सांगता आलं नाही! हँडब्रेक ओढला की चाक धरलं जातं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. इथून माझा अभ्यास सुरू झाला.

ब्रिटन आणि युरोपातल्या लहान ट्रेलरचा ब्रेक चालतो तो धक्क्याने. पुढची गाडी हळू झाली की मागून ट्रेलर तिला ढकलतो. त्या ढकलण्याने हुकामागचा दांडा आत सरकतो, त्याला जोडलेला रॉड आणि तारा ओढल्या जातात आणि चाकातले ब्रेक शू ड्रमला चिकटतात. ट्रेलर स्वतःच्या वजनाने स्वतःला थांबवतो. कल्पना झकास आहे! ना वीज, ना हवा. पण यात एक अडचण आहे. गाडी रिव्हर्समध्ये घेतली की तोच दांडा आत जातो आणि ट्रेलर ब्रेक लावून बसतो. जुन्या ट्रेलरवर त्यासाठी एक खटका असायचा, ड्रायव्हरने उतरून तो लावायचा आणि मग मागे यायचं. १ एप्रिल १९८९ पासून बनलेल्या ट्रेलरना मात्र 'ऑटो रिव्हर्स' हवाच असा नियम झाला. चाक उलटं फिरू लागलं की आतला एक शू आपोआप मागे सरकून ब्रेक सैल करतो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझा ट्रेलर उतारावर मागे सरकला, म्हणजे चाक उलटं फिरलं. यंत्राला वाटलं की हा माणूस रिव्हर्स घेतोय, आणि त्याने इमानेइतबारे ब्रेक सैल केला. म्हणून हा हँडब्रेक कारसारखा चार खटके ओढून भागत नाही, पार वरपर्यंत उभा करावा लागतो. म्हणजे ट्रेलर थोडा मागे सरकला की त्यातली स्प्रिंग उरलेला ताण घेते आणि ब्रेक पुन्हा पकडतो. मी अर्ध्यावर ओढला होता. शिवाय आधीच्या मालकाने शू झिजल्यावर ते चाकापाशी जुळवण्याऐवजी नुसता रॉडच ताणून ठेवला होता, त्यामुळे स्प्रिंगला ओढायला जागाच उरली नव्हती. ही चूक फार जण करतात, असं मला नंतर कळलं.

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पुढच्याला मागचा ढकलतो तोवरच तो ब्रेक. सुटला की संपलं." मग जरा थांबून, "आमच्याकडे उलट होतं. सुटला की लागायचा."

हे 'सुटला की लागायचा' म्हणजे काय, ते समजायला मला १८६३ पर्यंत मागे जावं लागलं.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे जी.आय.पी.चा, खरा कस लागला तो बोरघाटात. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, इंजिनिअर नेमून काम पुरं करून घेतलं. (यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा.) ऐन कामाच्या दिवसांत घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. कॉलऱ्याने आणि अपघातांनी त्यांतली किती गेली याची धड मोजदादही कुणी ठेवली नाही. अखेर एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे पंधरा-सोळा मैलांत १८०० फुटांवर चढ, पंचवीस बोगदे आणि सगळ्यात तीव्र जागी सदतीस फुटांमागे एक फूट चढण. रेल्वेच्या हिशेबात ही जवळजवळ भिंतच. डोंगरात वळण घ्यायला जागा नव्हती म्हणून खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका तोंडाने आत यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे निघायची.

चढायला इंजिन लागतं हे कुणालाही कळतं. पण घाटातला खरा प्रश्न उतरण्याचा असतो. त्या काळी गाडीला ब्रेक कुठे होते? इंजिनाजवळ एक आणि ब्रेकव्हॅनमध्ये गार्डच्या हातात एक, तोही फिरवून आवळायचा. मधल्या डब्यांना काहीच नाही. ते निव्वळ वजन. शंभर-दीडशे टन वजन दोन टोकांच्या दोन माणसांच्या मनगटावर! म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' आले. मुख्य रुळांना जोडून चढावर जाणारा एक फाटा. उतरणारी गाडी आवरली नाही तर ती खाली जाण्याऐवजी त्या फाट्यावर चढून थांबावी. रूळ नेहमी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडी काबूत आहे अशी खात्री पटल्यावरच पुढचा मार्ग मोकळा होतो. पुण्याहून मुंबईला येताना मंकी हिल, ठाकूरवाडीला गाडी उगाच थांबते असं आपल्याला वाटायचं ना? ती उगाच थांबत नाही. ती ब्रेकची परीक्षा असते. आणि जाताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात त्या वेळेत आपण बटाटेवडे खातो. माझ्या पिढीचं घाटाविषयीचं ज्ञान वड्यापर्यंतच होतं.

इकडे इंग्लंडमध्येही डब्यांना ब्रेक नव्हते आणि अपघात वाढत होते. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक आणला होता. सगळ्या डब्यांखालून एक पाईप, इंजिनातून हवा सोडली की सगळीकडे एकदम ब्रेक. पण पाईप फुटला की काहीच नाही, ही त्यातली खोट. तीन-चार वर्षांतच त्याने यंत्र उलटं केलं. आता पाईपमधला दाब ब्रेक *सोडून* ठेवायचा. दाब गेला, पाईप फुटला, डबा सुटला की ब्रेक आपोआप लागणार. 'सुटला की लागायचा' ते हेच. आमच्या आय.टी.त आज आपण ज्याला फेल-सेफ म्हणून मीटिंगमध्ये मिरवतो, ते त्या माणसाने लोखंडात आणि रबरात करून ठेवलं होतं.

जून १८७५ मध्ये रेल्वे अपघातांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची शर्यतच लावली. ही शर्यत झाली नॉटिंगहॅम-लिंकन मार्गावर नुअर्कजवळ, आमच्या घरापासून तासाभरावर. मी तिथून शंभर वेळा गेलो असेन, गणपतीच्या मूर्तीसाठी मखर आणायलाही गेलो आहे. पण या चाचण्यांबद्दल काही ठाऊक नव्हतं. वेस्टिंगहाउसचा आपोआप लागणारा ब्रेक सरस ठरला. आता कुणाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी तो बसवला. छे! प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं घोडं. पैसे कोण घालणार? बऱ्याच जणांनी स्वस्तातला साधा व्हॅक्यूम ब्रेक घेतला. साधा म्हणजे पुन्हा तोच, पाईप तुटला की ब्रेक गेला. सरकार सूचना करत राहिलं, कंपन्या पत्रोत्तरं देत राहिल्या. चौदा वर्षं अशीच गेली.

२०१९ मध्ये कामासाठी मी काही आठवडे बेलफास्टला होतो. तिथून एका शनिवारी आर्माला गेलो. उत्तर आयर्लंडमधलं हे छोटं, सुबक गाव. तिथल्या 'द मॉल' नावाच्या हिरवळीवर एका लहान मुलीचा पुतळा आहे, हातात वाळूत खेळायची बादली आणि फावडं. अपघाताला १२५ वर्षं झाली तेव्हा, २०१४ मध्ये, तो उभारला. मी पुतळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच एक मुलगी आणि खडूची चित्रं होती.

१२ जून १८८९. आर्माच्या संडे स्कूलची सहल समुद्रावर वॉरनपॉइंटला निघाली होती. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, नऊशेहून अधिक, त्यांत कितीतरी मुलं. आयत्या वेळी डबे वाढवून पंधरा केले. विनातिकीट कुणी चढू नये म्हणून दारांना बाहेरून कुलपं घातली. गाव सोडल्यावर लगेच चढ लागतो, पंच्याहत्तर फुटांना एक फूट. आपल्या बोरघाटाच्या निम्माच. पण इंजिनाला तेवढं वजन पेलेना. माथा जेमतेम दोनशे यार्डांवर राहिला असताना गाडी थांबली.

मागून पुढच्या वेळेची गाडी येत होती. दोन गाड्यांमध्ये तेव्हा फक्त वेळेचं अंतर ठेवत, पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही याची खात्री करायची पद्धत त्या मार्गावर नव्हती. गाडीबरोबरच्या अधिकाऱ्याने ठरवलं की गाडी तोडायची. पुढचे पाच डबे इंजिनाने वर नेऊन पुढच्या स्टेशनात ठेवायचे आणि मग परत येऊन मागचे दहा न्यायचे. पण गाडीचा ब्रेक साधा व्हॅक्यूमचा. जोड सोडवला की मागच्या दहा डब्यांना ब्रेक उरला तो फक्त शेवटच्या व्हॅनमधल्या गार्डचा, हाताने फिरवायचा. म्हणून चाकांखाली दगड ठेवले.

उटी.

मग इंजिन निघताना पुढचे डबे किंचित मागे आले. फक्त किंचित. त्या धक्क्याने मागचे डबे दगडांवरून गेले आणि निघाले. लोक धावत दगड टाकत होते, गार्ड आणि डब्यातले आणखी काही जण ब्रेकचं चाक आवळत होते. दीडेक मैल उतारावर वेग वाढत गेला आणि खालून येणाऱ्या गाडीवर ते दहा डबे आदळले. दारांना कुलपं होती. ८० माणसं गेली, शेकडो जखमी झाली. मृतांत मुलं किती होती ते मी इथे लिहीत नाही, यादीतली वयं वाचताना मी पुस्तक मिटलं होतं.

सरकारी तपासनीस मेजर जनरल हचिन्सन यांनी चौकशी केली. आपोआप लागणारा ब्रेक असता तर जोड सोडवताक्षणी ते दहा डबे जागच्या जागी खिळले असते, हे आता उघड होतं. जे चौदा वर्षं होत नव्हतं ते अडीच महिन्यांत झालं. ३० ऑगस्ट १८८९ ला रेल्वे नियमन कायदा मंजूर झाला. प्रवासी गाडीच्या सर्व डब्यांना एकसंध, आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. शिवाय पुढचा टप्पा मोकळा असल्याशिवाय मागच्या गाडीला सोडायचं नाही, हेही. यावर माझं एक मत आहे आणि ते कुणाला आवडो न आवडो: त्या ८० जणांचा हिशेब अधिकाऱ्याच्या किंवा गार्डच्या नावावर टाकता येत नाही. १८७५ ला उत्तर माहीत होतं. खर्च वाचवायचा होता.

ब्रिटनने बहुतेक ठिकाणी आपोआप लागणारा व्हॅक्यूम ब्रेक घेतला, आणि मालकांनी घेतला म्हणून तोच आपल्याकडेही आला. बाबा नोकरीला लागले तेव्हा सगळा कारभार व्हॅक्यूमचाच होता. १९८० च्या दशकापासून हळूहळू हवेच्या दाबाचा ब्रेक आला, म्हणजे वेस्टिंगहाउस शंभर वर्षांनी का होईना कर्जतला पोहोचला! बाबा दोन्हींवर काम केलेले.

आणि घाटात विजेचा ब्रेकही होता. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, रिव्हर्सिंग स्टेशन टाळून नवा मार्ग झाला आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली. मालगाड्यांसाठी जी इंजिनं आली त्यांना रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणायची. त्यांतली बरीचशी इथेच, लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. घाट उतरताना खेकड्याच्या मोटारी उलट जनरेटर व्हायच्या, गाडीचा वेग धरून ठेवायच्या आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत द्यायच्या. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीला मदत करायची. आज इलेक्ट्रिक कार घेतलेले आपले मित्र रिजनरेशनचं कौतुक सांगतात तेव्हा मी गप्प बसतो आणि मनात खेकडा आठवतो. असाच एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे, मुलांना जरूर दाखवा.

विजेच्या ब्रेकशी माझी हातमिळवणी झाली ती २०१८ च्या उन्हाळ्यात, मिशिगनमध्ये. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तिथे तीस वर्षं आहे. तळ्यात फिरवायच्या बोटीच्या ट्रेलरला तो विजेचे ब्रेक बसवत होता. "कुंपण पाडलंस म्हणे," एवढं म्हणून त्याने माझ्या हातात पाना दिला.

अमेरिकेत हा प्रकार घरोघरी आहे. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावातल्या वॉर्नर कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या ब्रेकचं काम सुरू केलं, आणि पुढे घरासारखे मोठे ट्रेलर ओढणाऱ्यांनी तो उचलून धरला. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटतो, ड्रम त्याला ओढत नेतो, त्याला जोडलेला दांडा वळतो आणि शू पसरतात. डॅशबोर्डखाली एक कंट्रोलर बसवायचा. गाडीचा ब्रेक दाबला की तो हिशेबाने वीज सोडतो.

बसवायला आम्हाला दीड दिवस लागला. जुने हब काढले, अ‍ॅक्सलच्या चौकोनी पट्टीवर ब्रेकच्या थाळ्या बोल्ट केल्या. डावी आणि उजवी वेगळी असते, अदलाबदल चालत नाही. मग थाळीच्या मागच्या फटीतून चपट्या दांडीने दातेरी चाक फिरवत राहायचं, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. आणि मग मागे घेत घेत जेमतेम घासल्याचा आवाज येईल तिथे थांबायचं. वायर जोडून झाल्या, मिळालेल्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक चुंबकाने साधारण तीन अँपिअर घ्यायला हवे होते. उजवा घेत होता, डावा जवळपास काहीच नाही. दोन आय.टी. आणि ऑटोवाल्यांनी तासभर कंट्रोलरचं मॅन्युअल वाचलं. शेवटी निघालं काय, तर डाव्या बाजूची अर्थची वायर आम्ही रंगावरच स्क्रूने आवळली होती! रंग खरवडला, चाललं. मग रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी पंचवीस मैलांवर नुसता ट्रेलरचा ब्रेक लावून बघायचा आणि चाकं घसरायला लागतील त्याच्या जरा अलीकडे ताकद ठेवायची.

पण मला बाबांचं वाक्य आठवत होतं. इथे वायर तुटली तर? दादाने ट्रेलरच्या दांड्यावरची छोटी बॅटरी दाखवली. तिला एक पिन आणि पिनला गाडीशी बांधलेली तार. ट्रेलर सुटला की पिन निघते आणि बॅटरी सगळी वीज ब्रेकना देते. म्हणजे हा ब्रेक मुळात 'तुटला की गेला' या जातीचा, त्याला वरून 'सुटला की लागला' शिकवलेलं. बॅटरी उतरलेली असेल तर मात्र राम राम. म्हणून दर फेरीआधी पिन ओढून बघायची. आणि खाऱ्या पाण्यात हे चुंबक लवकर सडतात. दादाचं तळं गोड्या पाण्याचं म्हणून ठीक, 'पोहे'साठी ते जमलं नसतं. शिवाय युरोपच्या नियमांत विजेच्या ब्रेकला जागा असली तरी इथे लहान ट्रेलरवर धक्क्याचा ब्रेकच सर्रास चालतो. सुटण्याची सोय त्यालाही आहे. एक बारीक तार गाडीला अडकवायची, ट्रेलर सुटला की ती हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ही तार टो-बॉलवर नुसती टाकून निघणारे लोक मी दर रविवारी बघतो. आता थांबून सांगतोसुद्धा. एकदोघांनी आभार मानले, एकाने काच वर केली.

घरी आल्यावर 'पोहे'चे ब्रेक मी मुळापासून पुन्हा जुळवले. आधी रॉड पूर्ण सैल. मग एकेक चाक उचलून शू जुळवायचे, आणि चाक फिरवायचं ते फक्त पुढच्या दिशेने, कारण उलटं फिरवलं की ऑटो रिव्हर्स फसवतो. त्यानंतर रॉड, सगळ्यात शेवटी हँडब्रेक. खाऱ्या पाण्यातून आलो की त्याच दिवशी ड्रम गोड्या पाण्याने धुवायचे. हिवाळ्यात हँडब्रेक लावून ठेवायचा नाही, शू ड्रमलाच गंजून चिकटतात. मग ट्रेलर थांबणार कशाने?

त्याचं उत्तर २०१९ च्या डिसेंबरात बाबांबरोबर आलं. तळेगावच्या सुताराकडून त्यांनी बाभळीच्या दोन उट्या करून घेतल्या होत्या, प्रत्येकी दीडेक किलोच्या. त्यांच्यासाठी आईचे मेतकूट आणि भाजणीचे डबे बॅगेतून बाहेर निघाले होते, त्यावरून घरात आठवडाभर चर्चा चालली. मी त्यांना आर्माची गोष्ट सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. गार्डचं आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "त्यानं आवळला असणार रे, शेवटपर्यंत. पण दहा डबे होते."

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, प्रवास जमत नाही. मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेल्या एप्रिलमध्ये बोट बाहेर काढायची होती, मी हुकाकडे वळलो तर ती आधीच दोन्ही चाकांमागे उट्या सरकवून, पायाने ठोकून बघत होती. व्हिडिओ कॉलवर आजोबा म्हणत होते, "उजवी जरा तिरकी दिसते गं." तिने सरळ केली आणि मला म्हणाली, "बाबा, आता सोड."